फ्रीबीएसडी पोर्ट्समध्ये कमिट बिट कसा मिळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या बर्कली शाखेतून आलेली आणि १९९३ पासून अखंड विकसित होत असलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्या मूळ रिपॉझिटरीत, म्हणजे सारा कोड आणि त्याचा इतिहास जिथे ठेवतात त्या भांडारात, थेट बदल चढवण्याचा अधिकार कसा मिळतो, याविषयी विद्यार्थी आणि नोकरी सांभाळून काम करणारे प्रोग्रॅमर पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे येथे दिली आहेत. भर पोर्ट्स या विभागावर आहे, कारण नवख्या माणसाला प्रकल्पात येण्याची सर्वांत रुळलेली वाट तीच आहे आणि माझेही पहिले पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) त्याच वाटेने गेले.

कमिट बिट म्हणजे नेमके काय?

प्रकल्पाच्या अधिकृत रिपॉझिटरीत कोणाच्याही मध्यस्थीशिवाय बदल नोंदवण्याची परवानगी म्हणजे कमिट बिट, आणि ती ज्याच्याकडे आहे तो कमिटर. फ्रीबीएसडीमध्ये हा बिट तीन प्रकारचा असतो. कर्नल आणि मूळ प्रणालीसाठी सोर्स, बाहेरची सॉफ्टवेअर फ्रीबीएसडीवर बांधून बसवण्याच्या पाककृतींसाठी पोर्ट्स, आणि हँडबुक, लेख, संकेतस्थळ यांसाठी डॉक. एका विभागाचा बिट मिळाला म्हणून दुसऱ्या विभागात हात घालण्याची मुभा आपोआप मिळत नाही. तिथल्या जाणत्या माणसाची संमती घेऊनच ते करायचे असते.

बिट नसेल तर माझे काम प्रकल्पात जातच नाही का?

जाते. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की अनेक जण बिट हे पहिले पाऊल समजतात आणि तो नाही म्हणून कामच सुरू करत नाहीत. तुम्ही बगझिला या प्रकल्पाच्या तक्रारनोंदणीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिला पॅच जोडता, एखादा कमिटर तो तपासतो आणि चढवतो. कोडच्या बदलांचा इतिहास ठेवण्यासाठी प्रकल्प सबव्हर्जन या साधनावरून गिट या साधनावर गेल्यापासून (सोर्स डिसेंबर २०२० मध्ये, पोर्ट्स एप्रिल २०२१ मध्ये) लेखक आणि कमिटर यांची नोंद वेगवेगळी राहते, त्यामुळे बदल दुसऱ्याने चढवला तरी लेखक म्हणून इतिहासात तुमचेच नाव लागते. पूर्वी हे श्रेय संदेशातल्या एका ओळीत दिले जाई आणि ती ओळ लिहायची राहून गेली की श्रेयही जाई. आता तुमच्या नावावर झालेले काम कोणालाही एका आज्ञेत काढून पाहता येते, आणि पुढे बिटचा विचार होतो तेव्हा पाहणारे नेमके तेच पाहतात.

सुरुवात पोर्ट्सपासूनच का करावी?

पोर्ट्सच्या झाडात, म्हणजे त्यांच्या फाईलींच्या साऱ्या पसाऱ्यात, तीस हजारांहून अधिक पोर्ट आहेत आणि त्यातल्या कित्येकांना कोणीही वाली नाही. प्रत्येक पोर्टच्या मेकफाईलमध्ये, म्हणजे ते कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, मेंटेनरचा (ते पोर्ट सांभाळणाऱ्याचा) पत्ता असतो. तिथे एखाद्या व्यक्तीऐवजी पोर्ट्सच्या सामाईक यादीचा पत्ता दिसला, तर ते पोर्ट बेवारस आहे असे समजावे. असे पोर्ट सांभाळायला घेण्यासाठी कमिटर असावे लागत नाही. ते अद्ययावत करणारा पॅच पाठवावा आणि त्यातच मेंटेनरच्या ओळीत आपला पत्ता लिहावा.

सोर्समध्येही नव्यांना मज्जाव नाही. तिथले पॅच गिटहबवरूनही घेतले जातात आणि प्रकल्प २००५ पासून नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायला मानधन देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात भाग घेत आला आहे. पण कर्नलमधला एक बदल समजून घेण्यातच काही आठवडे जातात. पोर्ट्समध्ये महिन्याकाठी दोन-तीन नेटके पॅच पाठवणे नोकरी करणाऱ्यालाही जमते, आणि विश्वास बसायला असे सातत्यच उपयोगी पडते.

पहिले पोर्ट कोणते निवडावे?

जे सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः रोज वापरता ते. यावर अनेक जण नाराज होतात, कारण त्यांना ब्राउझर किंवा कंपायलरसारखे मोठे पोर्ट हवे असते. त्या पोर्टांना मेंटेनरांचे गट आहेत आणि त्यांचे एक बिल्ड साध्या लॅपटॉपवर कित्येक तास चालते. छोटे पोर्ट घ्यावे, पण असे घ्यावे की नवी आवृत्ती बिघडली तर ते तुमच्या स्वतःच्या कामात अडेल. बिघाड दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मेंटेनरला कळणे, ही मेंटेनरची खरी कसोटी आहे.

चांगला पॅच कशाला म्हणतात?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण बिटचा मार्ग प्रत्यक्षात येथेच आखला जातो.

पॅच तपासणाऱ्या कमिटरला स्वतःचे काम, घर आणि इतर शंभर तक्रारी असतात. तुमचा पॅच उघडल्यावर त्याला किती काम पडते, यावरून तुमची ओळख तयार होते. नव्या आवृत्तीचा पॅच म्हणजे आवृत्तीचा आकडा बदलणे नव्हे. डिस्टइन्फो या फाईलमधली चेकसम (उतरवलेली मूळ फाईल जशीच्या तशी आहे हे पडताळणारा आकडा) नव्याने काढावी लागते. नव्या आवृत्तीने कोणत्या फाईल वाढवल्या वा काढल्या ते पाहून पॅकेजमधील फाईलींची यादी सुधारावी लागते. परवाना बदलला आहे का, अवलंबित्वे बदलली आहेत का, हे मूळ प्रकल्पाच्या बदलनोंदीत जाऊन वाचावे लागते. पोर्टलिंट हे साधन मेकफाईलची मांडणी तपासते, तर स्टेजिंगची तपासणी (आधी एका तात्पुरत्या जागी बसवून पाहणे) फाईली जागच्या जागी बसल्या आहेत की नाही ते सांगते.

त्यानंतर पूद्रिएर. हे साधन प्रत्येक पोर्ट एका कोऱ्या जेलमध्ये बांधते, म्हणजे अशा वातावरणात की जिथे तुमच्या यंत्रावर आधीच असलेले काहीही उपलब्ध नसते. माझा सुरुवातीचा एक पॅच माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित बांधला जात होता, पण तपासणाऱ्याकडे तो पहिल्याच मिनिटाला कोसळला. कारण एवढेच, की एक लायब्ररी माझ्याकडे दुसऱ्याच कामासाठी आधीपासून बसवलेली होती आणि मेकफाईलमध्ये मी तिचा उल्लेखच केला नव्हता. त्या माणसाने दोन ओळींत शांतपणे कारण लिहून पॅच परत पाठवला. पुढचा प्रत्येक पॅच मी पूद्रिएरमधून काढूनच पाठवला आणि फ्रीबीएसडीच्या कोणत्या आवृत्तीवर व प्रोसेसरच्या कोणत्या आर्किटेक्चरवर बांधून पाहिला ते तक्रारीतच लिहू लागलो. तपासणाऱ्याचे पुढचे प्रश्न तिथेच संपतात, हे मला त्यानंतर दिसून आले.

याच्याही पुढची पायरी म्हणजे आपल्या पोर्टाच्या पलीकडे पाहणे. लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि तिच्या सामायिक फाईलीचा क्रमांक बदलला, तर तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पोर्टे पुन्हा बांधली जावीत म्हणून त्यांचा पोर्टरिव्हिजन हा आकडा वाढवावा लागतो, आणि ती पोर्टे नव्या आवृत्तीवर खरोखर बांधली जातात की नाही तेही पाहावे लागते. नव्या आवृत्तीत सुरक्षेची त्रुटी दुरुस्त झालेली असेल, तर व्हीयूएक्सएमएल या त्रुटीनोंदीत भर घालावी लागते आणि तो बदल तिमाही शाखेतही न्यावा अशी विनंती करावी लागते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अशी नवी शाखा काढली जाते, आणि प्रकाशित आवृत्ती वापरणाऱ्यांना मुळात पॅकेजेस याच शाखेतून मिळतात. हे सगळे न सांगता करणारा माणूस बिट नसतानाही कमिटरसारखा विचार करू लागलेला असतो, आणि हे पॅच चढवणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

पॅच पाठवून तीन आठवडे झाले, कोणीच उत्तर देत नाही. काय करावे?

पोर्टाला दुसरा मेंटेनर असेल तर आधी त्याला वेळ मिळतो. दोन आठवड्यांत त्याचे उत्तर आले नाही तर मुदत संपली असे धरून कोणताही कमिटर पॅच चढवू शकतो. तीन महिने प्रतिसादच नसेल तर ते पोर्ट दुसऱ्याकडे सोपवता येते. ही मुदत उलटली असल्याची आठवण तक्रारीत एका सभ्य वाक्यात जरूर करून द्यावी.

पोर्ट तुमचेच असेल तर तुमची संमती आहे असे दाखवणारा झेंडा तुम्ही पॅचवर लावला आहे का ते आधी पाहावे. तो राहून गेल्यामुळे पडून राहिलेले पॅच बरेच असतात. त्यानंतरही हालचाल नसेल तर त्या विभागात अलीकडे कोण बदल चढवत आहे हे इतिहासात पाहून त्या कमिटरला विचारायला हरकत नाही. रोज आठवण करू नये आणि रागावून पॅच मागे घेऊ नये. समोरचा माणूस बहुतेक वेळा विनावेतन, रात्रीच्या फावल्या वेळात हे काम करत असतो.

किती पॅच झाले की बिट मिळतो?

असा आकडा ठरलेला नाही आणि तो नाही हे चांगलेच आहे. आकडा असता तर लोकांनी एकेक स्वल्पविराम दुरुस्त करून तो गाठला असता. प्रत्यक्षात घडते ते असे: एखादा कमिटर तुमचे पॅच वारंवार चढवत असतो, काही महिन्यांनी त्याच्या लक्षात येते की यात दुरुस्ती करण्यासारखे आपल्याला बरेच दिवसांत काही सापडलेले नाही, आणि आता आपण मध्ये उभे राहिल्याने केवळ उशीर होतो. तो तुमचे नाव सुचवतो.

काहींना याला वर्ष पुरते, काहींना तीन-चार वर्षे लागतात. पोर्टांच्या मोठ्या संचाचे काम अंगावर घेतलेल्यांचा विचार लवकर होतो, कारण एका वेळी दहा-वीस पोर्टे एकत्र बदलताना दुसऱ्याच्या हातून काम करून घेणे फार जिकिरीचे असते.

मी स्वतः मागितला तर चालेल का?

ज्या कमिटरने तुमचे बरेच काम चढवले आहे त्याला 'मी तयार आहे असे तुम्हाला वाटते का, आणि नसेन तर काय कमी आहे' असे खासगीत विचारणे उचित आहे. यात कमीपणा काही नाही. सर्वांसमोर 'मला बिट द्या' अशी मागणी मात्र करू नये, कारण त्यामुळे समोरच्यांना तुमच्या गुणदोषांची चर्चा उघड्यावर करणे भाग पडते.

औपचारिक प्रक्रिया साधी आहे. मेंटॉर होण्यास तयार असलेला कमिटर तुमचा प्रस्ताव पोर्ट्सचे व्यवस्थापन करणाऱ्या, पोर्टमॅनेजर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटापुढे ठेवतो आणि तो गट मतदान करतो. डॉकसाठी असाच वेगळा गट आहे. सोर्सच्या बाबतीत हा अधिकार मुळात कोअर टीमचा आहे. ही नऊ जणांची टीम सक्रिय कमिटर दर दोन वर्षांनी निवडून देतात. प्रस्तावात तुम्ही केलेल्या कामाचा दाखला असतो. तुमची पदवी, कंपनी किंवा देश यांचा त्यात काही संबंध नाही.

मेंटॉर काय करतो?

बिट मिळाल्यानंतरही काही काळ तुम्ही एकट्याने काही चढवत नाही. प्रत्येक बदल आधी मेंटॉरला दाखवायचा, त्याची संमती घ्यायची आणि ती कोणाची होती हे कमिटच्या संदेशात 'अप्रूव्हड बाय' या ओळीत लिहायचे, अशी रीत आहे. पोर्ट्समध्ये बहुधा दोन मेंटॉर असतात, म्हणजे एक रजेवर असला तरी काम थांबत नाही. मराठी माणसाने याकडे गाण्यातल्या तालमीसारखे पाहावे: गुरू रोज सांगत नाही, पण चुकले की लगेच थांबवतो. तुमच्या चुकीची जबाबदारी या काळात मेंटॉरवरही असते, त्यामुळे त्याने बारीकसारीक शंका काढल्या तर तो अविश्वास समजू नये. त्याला तुमची खात्री पटली की तो तुम्हाला मोकळे करतो.

मेंटॉर भारतातला असण्याची गरज नाही. युरोपातल्या मेंटॉरबरोबर आपली संध्याकाळ आणि त्याची दुपार जुळते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेंटॉरला मात्र उत्तरासाठी एक रात्र द्यावी लागते, हे धरूनच आठवड्याची आखणी करावी.

पहिले कमिट कोणते असते?

स्वतःच्या नावाची नोंद. कोणाचा मेंटॉर कोण होता, हे बाणांनी दाखवणारा एक आलेख प्रकल्प पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आला आहे. नवा कमिटर त्या फाईलमध्ये आपले नाव घालतो आणि मेंटॉरकडून स्वतःकडे बाण काढतो. मला ही पद्धत फार आवडते. तो आलेख मागे मागे वाचत गेले की विश्वास एकाकडून दुसऱ्याकडे कसा आला त्याची वंशावळच समोर उभी राहते.

माझे इंग्रजी यथातथाच आहे. अडचण येईल का?

कमिटचा संदेश, तक्रारीतले उत्तर आणि रिव्ह्यूवरची चर्चा इंग्रजीत होते, आणि ते टाळता येत नाही. पण तिथे अलंकारिक भाषा कोणालाच नको असते. काय बदलले, का बदलले आणि कसे तपासले, ही तीन उत्तरे साध्या वाक्यांत देता आली की पुरे. चांगले संदेश कसे लिहितात ते शिकायचे असेल तर झाडातले शेवटचे दोनशे संदेश वाचून काढावेत. समजले नाही तर 'समजले नाही' असे लिहावे. न समजता होकार दिल्याने जे नुकसान होते ते व्याकरणाच्या चुकीने कधीच होत नाही.

मी नोकरीत आहे. कंपनीची परवानगी लागेल का?

नेमणुकीच्या वेळी सही केलेला करार काढून वाचा. पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या करारांत नोकरीच्या काळात तुम्ही लिहिलेल्या सगळ्या कोडवर कंपनीचा हक्क राहील, अशा अर्थाचे कलम बरेचदा असते, आणि कधीकधी त्यात घरी, रात्री, स्वतःच्या यंत्रावर लिहिलेले कोडही येते. असे कलम असेल तर लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये, कारण होकार देणारा वरिष्ठ उद्या नोकरी सोडून जाऊ शकतो. कंपनीच्या यंत्रावर प्रकल्पाच्या यंत्रणेत शिरण्याची गुप्त किल्ली (संगणकीय ओळखीची फाईल) ठेवू नये. परवानगीचा प्रश्न पहिल्या पॅचआधीच सोडवावा. बिट मिळताना तो पुढे आला तर जुन्या कामावरही शंकेची छाया पडते.

एवढी सावधगिरी कशासाठी? शेवटी हे मुक्त सॉफ्टवेअरच आहे ना?

कोड सर्वांना वाचता येतो, पण त्यात लिहिण्याचा अधिकार असलेला माणूस ते वापरणाऱ्या प्रत्येक यंत्रावर काय चालेल ते ठरवतो. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी फ्रीबीएसडीच्या दोन यंत्रांवर घुसखोरी झाल्याचे आढळले. प्रणालीत त्रुटी नव्हती. प्रवेशाचा रीतसर अधिकार असलेल्या एका डेव्हलपरची एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची पद्धत) किल्ली बाहेर गेली होती. मूळ प्रणालीच्या रिपॉझिटरीला धक्का लागला नसला, तरी पॅकेजेस बांधणारी यंत्रणा बंद ठेवून सगळे तपासावे लागले. एका माणसाच्या लॅपटॉपवरची एक फाईल सुरक्षित नसली तर काय होते, हे प्रकल्पाने तेव्हा अनुभवले.

दुसरे उदाहरण फ्रीबीएसडीचे नाही, पण ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होत नाही. एक्सझेड या फाईलींचा आकार लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकल्पात २०२१ पासून एका टोपणनावाची व्यक्ती मदत करू लागली. थकलेल्या एकट्या मेंटेनरचा भार तिने हलका केला, कमिटचा अधिकार मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार (चोरून शिरण्याची छुपी वाट) घातले. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचच्या लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय उशीर दिसला, त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि म्हणून ते उघडकीस आले. तिथे चांगले पॅच होते, सातत्यही होते. कमी होती ती दुसऱ्या डोळ्यांची. म्हणून मेंटॉरचा काळ, मतदान, किल्ल्यांचे नियम यांना मी कागदी घोडे मानत नाही. आपल्या किल्लीला भक्कम परवलीचे वाक्य लावावे, ती शक्य तर वेगळ्या हार्डवेअर टोकनवर ठेवावी, आणि ती हरवल्याची नुसती शंका आली तरी संकोच न करता त्याच मिनिटाला कळवावे.

कमिट केल्यावर बिल्ड मोडले तर बिट जातो का?

जात नाही. प्रत्येक कमिटरने केव्हातरी काहीतरी मोडलेले असते. पाहिले जाते ते पुढचे वागणे: तुम्ही निरोपाला उत्तर देता का, दुरुस्ती लगेच जमत नसेल तर बदल मागे घेता का, आणि चूक स्वतःची असल्याचे स्पष्ट म्हणता का. म्हणून प्रवासाला निघताना किंवा झोपण्यापूर्वी मोठा बदल चढवू नये. नंतरचे काही तास आपण यंत्रासमोर आहोत याची खात्री असेल तेव्हाच तो करावा.

बिट कायमचा असतो का?

वर्षाहून अधिक काळ काहीच कमिट नसेल तर तो जपून ठेवण्यासाठी म्हणून परत घेतला जातो. यात शिक्षेचा भाग नाही. न वापरलेली किल्ली चोरीला गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, हे त्यामागचे कारण आहे. बाळंतपण, आजारपण, नवी नोकरी अशा कारणांनी माणसे दूर जातात आणि नंतर परतही येतात. परतताना थोडा काळ पुन्हा मेंटॉर दिला जातो. वेळ मिळणार नाही हे आधीच दिसत असेल तर स्वतःहून बिट परत करणे आणि आपली पोर्टे सोडत असल्याचे जाहीर करणे सर्वांत चांगले, म्हणजे ती उचलायला दुसऱ्याला तीन महिने थांबावे लागत नाही.

इतर प्रकल्पांतही हीच पद्धत असते का?

तपशील बराच वेगळा असतो. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत त्या त्या प्रकल्पाची व्यवस्थापन समिती खासगी चर्चेत मतदान करते आणि नव्या कमिटरला योगदानाच्या करारावर सही करावी लागते. पायथॉनमध्ये सध्याच्या कोअर डेव्हलपरांचे मतदान आठवडाभर चालते, दोन तृतीयांश होकार लागतो आणि स्टीअरिंग कौन्सिलला नकाराधिकार असतो. लिनक्स कर्नलमध्ये या अर्थाचा कमिट बिटच नाही. तिथे प्रत्येक उपविभागाचा मेंटेनर आपले झाड सांभाळतो आणि शेवटी सारे लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यांच्या झाडात ओढून घेतले जाते. ज्या प्रकल्पात जायचे आहे त्याचे लिखित नियम आधी वाचावेत.

मला प्रोग्रॅमिंग फारसे येत नाही. डॉकचा बिट मिळू शकतो का?

हो. हँडबुकमधली जुनी झालेली आज्ञा शोधून दुरुस्त करणे हे खरे काम आहे आणि त्याची गरज मोठी आहे. भाषांतरे वेबलेट या ऑनलाइन भाषांतर-साधनावरून होतात, त्यासाठी बिट लागतही नाही.

बिट मिळाल्यावर मी फक्त माझीच पोर्टे पाहिली तर चालेल का?

नियमाने चालते, पण मी तसे करू नये असे म्हणेन. तुमचे पहिले पॅच कोणीतरी स्वतःचे काम बाजूला ठेवून बांधून पाहिले होते. आज बगझिला उघडलात तर मेंटेनरची मुदत उलटून गेलेले, व्यवस्थित तपासलेले आणि तरीही पडून असलेले पॅच तुम्हाला दिसतील. त्यांतले काही अशा माणसांचे असतील की ज्यांचा तो पहिलाच पॅच आहे. आठवड्यातून एक असा पॅच निवडावा, पूद्रिएरमध्ये बांधावा, बरोबर असेल तर लेखकाचे नाव नीट लावून चढवावा, आणि नसेल तर काय चुकले ते दोन ओळींत लिहून परत पाठवावा.